‘युद्ध नको’ म्हणणारी पोरं

भाकरी थापत असाल तर हात थांबवू नका, रेडिओचा आवाज तेवढा वाढवा.

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर मोबाईलवरच्या एका व्हिडिओवर बोलणं निघालं. व्हिडिओ 2024 सालातला होता. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात कोलंबिया नावाचं मोठं विद्यापीठ आहे. तिथल्या मुलामुलींनी गाझातल्या युद्धाविरुद्ध विद्यापीठाच्या हिरवळीवर तंबू ठोकले होते आणि पोलीस त्यांचे हात मागे बांधून त्यांना गाडीत बसवत होते. बघणाऱ्यांपैकी एक ताई म्हणाल्या, “लाखांनी फी भरून शिकायला गेलीत ना? मग अभ्यास करावा. युद्धाचं बघायला सरकार आहे.” बऱ्याच जणींनी माना डोलावल्या. ज्यांची लेक किंवा लेक वसतिगृहात राहून शिकतोय, त्यांनी तर जरा जास्तच. आईच्या जिवाला घोर असतो, ते आम्हाला कळतं. पण हे मत काही आम्हाला पटत नाही. का पटत नाही ते सांगायला पन्नासेक वर्षं मागं जावं लागेल, त्याच अमेरिकेत.

तेव्हा अमेरिका व्हिएतनाममध्ये लढत होती. हजारो मैलांवरचा गरीब, भातशेती करणारा देश. त्या युद्धात अमेरिकेचे 58 हजारांवर सैनिक मेले आणि व्हिएतनामची माणसं मेली ती लाखांनी. आपल्याकडं पोरं आपल्या मर्जीनं भरतीला जातात, पहाटे रस्त्यावर पळायचा सराव करतात. तिथं तेव्हा भरती सक्तीची होती. 1 डिसेंबर 1969 रोजी तर टीव्हीवर सगळ्या देशासमोर चिठ्ठ्या काढल्या. आपण भिशीची चिठ्ठी काढतो ना, तशाच. वर्षाच्या 366 तारखा 366 डब्यांत घालून एका काचेच्या बरणीत ठेवल्या होत्या. जी तारीख आधी निघेल, त्या तारखेला जन्मलेल्या तरुणांचा नंबर आधी. पोटच्या पोराची जन्मतारीख बरणीतून निघते का, हे बघत किती आया त्या रात्री टीव्हीसमोर बसल्या असतील!

आता यातली गोम बघा. अठराव्या वर्षी त्या पोराला युद्धावर पाठवता येत होतं, पण मत द्यायचा हक्क मिळायला त्याला बहुतेक ठिकाणी एकविसावं वर्ष लागायचं. अठराव्या वर्षी मतदान ही दुरुस्ती तिथं 1971 साली झाली. म्हणजे मरायला मोठा आणि मत द्यायला लहान. अशा पोरानं आपलं म्हणणं मांडायचं तरी कुठं? जिथं त्याच्या वयाची हजार पोरं रोज भेटतात, जिथं नकाशे आहेत, पुस्तकं आहेत, शिकवणारी माणसं आहेत, तिथंच ना? कुणी म्हणेल, कॉलेजात शिकणाऱ्याला तेव्हा भरतीतून सवलत होती, मग त्याला काय पडलं होतं? सवलत होती हे खरं. आणि म्हणूनच गरिबाची, कॉलेज न परवडणारी पोरं जास्त गेली हेही खरं. पण सवलत शिक्षण संपेपर्यंतच असायची. शिवाय आपल्याला सवलत आहे म्हणून गप्प न बसता शेजारच्या पोरासाठी बोलणं, यात वावगं काय आहे?

30 एप्रिल 1970 ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी जाहीर केलं की शेजारच्या कंबोडिया देशातही फौज घुसवली आहे. युद्ध आवरतं घेऊ म्हणणारा माणूस ते वाढवत होता. देशभरातल्या विद्यापीठांत पोरं बाहेर पडली. दुसऱ्याच दिवशी निक्सन यांनी आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांना रिकामटेकडे, उडाणटप्पू अशा अर्थाचा शब्द वापरला. ही बातमी घराघरांत पोचली.

ओहायो राज्यात केंट गावी एक सरकारी विद्यापीठ आहे. तिथं 1 मेच्या रात्री गावात दुकानांच्या काचा फुटल्या. 2 मेच्या रात्री विद्यापीठातली लष्करी प्रशिक्षणाची जुनी लाकडी इमारत जळाली. हे आम्ही लपवणार नाही. जाळपोळीला आम्ही आंदोलन म्हणत नाही. ज्यानं जाळलं त्याला शोधावं, पुराव्यानिशी कोर्टात उभं करावं. पण झालं काय? राज्याच्या गव्हर्नरनी नॅशनल गार्ड म्हणजे राज्याचं सैन्य विद्यापीठात उतरवलं. 3 मे रोजी त्यांनी पत्रकारांपुढं असं भाषण केलं की जणू ही पोरं म्हणजे देशातली सर्वांत वाईट माणसं. गव्हर्नरांच्या पक्षाची उमेदवारी ठरवणारी निवडणूक दोनच दिवसांवर होती, तेही लक्षात ठेवा. (ती ते हरले.)

4 मे, सोमवार. दुपारी बाराला विद्यापीठाच्या मैदानावर सभा ठरली होती. अधिकाऱ्यांनी हजारो पत्रकं वाटून सभेवर बंदी घातली. तरी मुलं जमली. काही घोषणा देणारी, बरीच नुसती बघणारी, कितीतरी एका वर्गातून दुसऱ्या वर्गात चाललेली. सैनिकांनी पांगा म्हणून सांगितलं, अश्रुधूर सोडला. मुलांनी दगड मारले, शिव्या दिल्या, अश्रुधुराच्या नळकांड्या उचलून परत फेकल्या. सैनिक टेकडी चढून गेले, पलीकडच्या मैदानात उतरले, परत टेकडीवर आले. आणि 12 वाजून 24 मिनिटांनी माथ्यावरून अचानक वळून त्यांनी गोळ्या झाडल्या. 28 सैनिक, 13 सेकंद, साठाहून जास्त गोळ्या.

चार मुलं मेली, नऊ जखमी झाली. ॲलिसन क्राउझ, वय 19. जेफ्री मिलर, वय 20. सँड्रा शॉयर, वय 20. विल्यम श्रोडर, वय 19. यातली ॲलिसन आणि जेफ्री आंदोलनात होती. सँड्रा तर वर्गाकडं निघाली होती. विल्यम हा त्याच लष्करी प्रशिक्षणाचा विद्यार्थी, म्हणजे उद्याचा सैनिक अधिकारी. जखमींतला डीन केलर नावाचा मुलगा जमिनीवर पालथा पडलेला असताना त्याच्या पाठीत गोळी लागली. तो जन्मभर चाकाच्या खुर्चीत बसला.

सैनिक म्हणाले, आमच्या जिवाला धोका होता. मेलेल्या चौघांत सगळ्यांत जवळ होता तो जेफ्री, सुमारे 265 फुटांवर. सँड्रा होती सुमारे 390 फुटांवर. आपल्या शेताच्या बांधावर उभं राहून एक धोंडा भिरकावून बघा, 390 फूट जातो का ते. आणि एक सांगायलाच हवं, ते सैनिकही विशी-बाविशीतली पोरंच होती. ट्रक ड्रायव्हरांच्या संपाच्या बंदोबस्तावरून थेट तिकडं आणलेली, दमलेली, हातात भरलेल्या रायफली. त्या पोरांचा राग येण्याआधी आम्हाला राग येतो तो ज्यांनी त्यांना लेकरांच्या सभेसमोर गोळ्या घेऊन उभं केलं, त्यांचा.

त्या दिवशी आणखी मुडदे पडले असते. मुलं संतापानं परत पुढं सरकायला निघाली होती. ग्लेन फ्रँक नावाचे भूगर्भशास्त्राचे एक प्राध्यापक मध्ये उभे राहिले. हात जोडावेत तसं रडत, ओरडत त्यांनी मुलांना मागं फिरायला सांगितलं, आणि मुलं ऐकून मागं फिरली. बंदुकीला जे जमलं नाही ते एका मास्तरला जमलं. विद्यापीठात मुलांशी कोणी बोलायचं, मास्तरनं की शिपायानं, हे एवढ्यावरून आम्हाला कळतं.

पुढचं ऐका, कारण बैठकीतल्या त्या बोलण्याशी त्याचा संबंध आहे. लगेचच्या दिवसांत तिथल्या लोकांचं मत घेतलं गेलं: चूक कोणाची? शंभरातले 58 लोक म्हणाले, विद्यार्थ्यांची. सैनिकांची चूक म्हणणारे होते 11. मेलेल्या मुलांच्या घरी शिव्यांची पत्रं आली. तुमच्या पोरांवर संस्कार नव्हते, बरं झालं मेली, अशा मजकुराची. ॲलिसनच्या वडिलांनी टीव्हीसमोर विचारलं होतं की माझ्या लेकीचं मत वेगळं होतं हा गुन्हा आहे का, आणि त्यासाठी तिला मारायचं का. त्या माणसाला आदल्या दिवशीपर्यंत चळवळीशी काही घेणं नव्हतं. साधा नोकरदार माणूस.

त्याच वर्षी निक्सन यांनीच नेमलेल्या आयोगानं अहवाल दिला की तो गोळीबार अनावश्यक होता, असमर्थनीय होता, त्याला क्षमा नाही. सरकारी आयोगाचे हे शब्द. तरी राज्याच्या ग्रँड ज्युरीनं खटले भरले ते कोणावर? 25 जणांवर, जवळजवळ सगळे विद्यार्थी. सैनिकांपैकी एकावरही नाही. पुढं पुराव्याअभावी त्यातले बहुतेक खटले गळून पडले.

मेलेल्या आणि जखमी मुलांच्या आईबापांनी मात्र सोडलं नाही. कोर्टानं सांगितलं, गव्हर्नरवर दावा लावता येत नाही. ते वरच्या कोर्टात गेले. 1974 साली सँड्राच्या घरच्यांच्या नावानं चाललेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की गव्हर्नर झाला म्हणून आपोआप सुटका होत नाही, दावा चालवा. 1975 ला ते हरले. अपील केलं. फेरसुनावणी मिळाली. शेवटी जानेवारी 1979 मध्ये तडजोड झाली. राज्यानं 6 लाख 75 हजार डॉलर दिले, त्यातला मोठा वाटा, साडेतीन लाख, जन्माचा अपंग झालेल्या डीनला. चार मेलेल्या मुलांच्या घरांना प्रत्येकी 15 हजार. आणि एका कागदावर प्रतिवाद्यांनी खेद व्यक्त केला. माफी नव्हे, खेद. तेरा सेकंदांच्या गोळीबारासाठी आईबाप नऊ वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढले.

याच मे महिन्यात, दहाच दिवसांनी, मिसिसिपी राज्यात जॅक्सन इथल्या काळ्या विद्यार्थ्यांच्या कॉलेजात पोलिसांनी मध्यरात्रीनंतर मुलींच्या वसतिगृहावर अर्धा मिनिट गोळ्या झाडल्या. तिथं युद्धापेक्षाही गोऱ्यांच्या छळाचा राग मोठा होता. फिलिप गिब्ज हा 21 वर्षांचा, घरी बायको आणि तान्हं मूल. जेम्स ग्रीन हा 17 वर्षांचा, अजून शाळेतला, दुकानातलं काम संपवून घरी चालला होता. दोघं मेले. कोणालाही शिक्षा झाली नाही. केंटचं नाव जगाला माहीत झालं, जॅक्सनचं फार थोड्यांना. असं का झालं ते आपल्याला सांगायची गरज नाही. कोणाच्या लेकराचं मरण पेपरात पहिल्या पानावर येतं, ते आपणही बघतो.

मग हक्क आहे तरी काय, आणि त्याला मर्यादा कुठं? यासाठी त्याच देशातला एक छोटा, सोपा किस्सा आहे. 1965 च्या डिसेंबरात आयोवा राज्यात डे मॉइन गावी काही शाळकरी मुलांनी ठरवलं की व्हिएतनाममध्ये दोन्ही बाजूंनी मेलेल्यांचं सुतक म्हणून दंडाला काळी फीत बांधायची. घोषणा नाही, मोर्चा नाही, फक्त फीत. मुख्याध्यापकांना कुणकुण लागली, त्यांनी आधीच नियम केला की काळी फीत चालणार नाही. तेरा वर्षांची मेरी बेथ टिंकर फीत बांधून गेली, तिला शाळेतून काढून घरी पाठवलं. तिच्या भावाला आणि आणखी एका मुलालाही. लोकांनी त्यांच्या घरावर लाल रंग फेकला, धमक्या दिल्या. खटला तीन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला, फेब्रुवारी 1969 मध्ये, सात विरुद्ध दोन मतांनी मुलांच्या बाजूनं. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की शाळेच्या फाटकातून आत शिरताना विद्यार्थी आपले हक्क बाहेर काढून ठेवत नाहीत. गडबड होईल अशी नुसती भीती पुरेशी नाही, शिकवण्यात खरोखर मोठा अडथळा आला पाहिजे. आणि कोर्टानं एक गोष्ट बारकाईनं टिपली. त्याच शाळांत मुलं निवडणुकीचे बिल्ले लावून यायची, ते चालत होतं. बंदी फक्त काळ्या फितीवर.

हे आपल्या भाषेत सांगतो. समाजमंदिरात रात्री दहानंतर भोंगा लावायचा नाही, हा नियम. तो सगळ्यांना सारखा असेल तर पाळायचा. पण भजनाला भोंगा चालतो, वाढदिवसाला चालतो, आणि बायकांनी दारूबंदीची सभा घेतली की तेवढी नियमाची आठवण होते, तेव्हा तो नियम आवाजाचा राहत नाही. तो आपलं तोंड बंद करण्यासाठी असतो. विद्यापीठाच्या नियमांनाही हीच परीक्षा लावायची. कुठं बसायचं, किती वाजेपर्यंत, रस्ता अडवायचा नाही, परीक्षा चालू असताना ढोल नको, हे विद्यापीठानं जरूर ठरवावं. काय बोलायचं ते मात्र नाही.

आता परत 2024 च्या त्या तंबूंकडं येऊ. 7 ऑक्टोबर 2023 ला हमासनं इस्राएलवर हल्ला करून सुमारे 1,200 माणसं मारली, माणसं ओलीस नेली. त्यानंतर गाझावर जे युद्ध झालं त्यात हजारो माणसं मेली, त्यात बायका-लेकरं फार. विद्यार्थ्यांची मागणी होती की आमच्या विद्यापीठानं आपला पैसा या युद्धाशी संबंध असलेल्या कंपन्यांत गुंतवू नये. गटात पैसा ठेवणाऱ्या बाईला हे कळायला अवघड नाही. माझी फी, माझ्या संस्थेचा पैसा, तो कुठं लागतो ते विचारायचा मला हक्क आहे. 18 एप्रिलला विद्यापीठाच्या अध्यक्षांनी पोलीस बोलावले, शंभरावर मुलं पकडली. विझायच्या ऐवजी ते लोण देशभर पसरलं आणि काही आठवड्यांत तीन हजारांहून जास्त माणसं पकडली गेली. 30 एप्रिलला पोलिसांनी मुलांनी ताब्यात घेतलेली हॅमिल्टन हॉल ही इमारत रिकामी केली. 1968 साली, व्हिएतनामच्या वेळी, याच इमारतीत याच तारखेला पोलीस शिरले होते.

या आंदोलनांत काही ज्यू विद्यार्थ्यांना भीती वाटली, काहींना वाईटसाईट ऐकावं लागलं. कोणाच्या धर्मावरून त्याला हिणवणं, वाट अडवणं, धमकावणं हे आम्हाला मान्य नाही आणि करणाऱ्यावर कारवाई व्हावी. पण तंबूंत बसलेल्यांत ज्यू मुलंही होती, हेही तितकंच खरं. एका पोरानं शिवी दिली म्हणून शंभर पोरांची सभा मोडायची, हा न्याय गावात कोणी लावला तर आपण ऐकून घेऊ का?

2025 मध्ये तर परदेशातून शिकायला आलेल्या काहींचे व्हिसा रद्द झाले, काहींना ताब्यात घेतलं. त्यात भारतातून गेलेलेही होते. शेत गहाण टाकून, कर्ज काढून पोर परदेशी पाठवणारी घरं आता आपल्या तालुक्यांतही आहेत. फोनवर पोर दबक्या आवाजात बोलायला लागलं, की तिथल्या मोकळेपणाचं काय झालं ते घरी कळतं.

आता आपल्या लेकरांचं. आपल्या संविधानात कलम 19 आहे. बोलायचा हक्क आहे आणि शांततेनं, हत्याराविना एकत्र जमायचा हक्क आहे. सरकारला त्यावर वाजवी बंधनं घालता येतात, पण हक्क काढून घेता येत नाही. कॉलेजातून मुलीचा फोन आला, “आई, आम्ही युद्धाविरुद्ध मेणबत्त्या घेऊन उभं राहणार आहोत,” तर लगेच “घरी ये” म्हणू नका. आधी विचारा, कोण कोण आहे, कुठं, किती वाजता, परवानगी मागितली का, अर्जाची पोच घेतली का. दगड उचलणारा कोणी असेल तर त्याच्यापासून लांब राहा, असं सांगा. पोलिसांनी नेलंच, तर अटकेचं कारण सांगणं, घरच्यांना कळवणं आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं उभं करणं त्यांना बंधनकारक आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही. अपवाद असलाच तर महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणून हातपाय गाळू नका. बाईला उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. कोठडीत असलेल्या मुलालाही मिळतो. त्यांचा फोन नंबर 15100. पुन्हा सांगतो, एक पाच एक शून्य शून्य. गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, बँकेच्या नंबराच्या खाली.